गडबडीनं तापवलंयस न्हवं?

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. मी आणि मराठीत लेख? माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात मी इतर मुलींसारखीच 'मी येतो, मी जातो, मी जेवतो' म्हणत वाढले, पण शाळेच्या गेटमधून आत पाऊल टाकलं की एकदम 'मे आय कम इन, सिस्टर?' त्यामुळे माझं बोलणं पेठेतलं, लिहिणं इंग्रजी आणि मराठी शुद्धलेखन म्हणजे आनंदीआनंद! ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर आधीच माफी मागते.

खरं तर याच अंकाच्या इंग्रजी विभागात माझा लेख आहे. 'निकेल-झिंक फेराइटच्या गुणधर्मांवर सिंटरिंग कंडिशन्सचा परिणाम' असा भारदस्त विषय, सहा पानं, चार ग्राफ, दोन टेबलं. आमच्या मिनी प्रोजेक्टचाच तो गोषवारा. पण त्या सहा पानांत एक गोष्ट बसली नाही. बॅच नंबर दोनच्या पुढे तिथे फक्त 'रिजेक्टेड' एवढाच शब्द आहे. तो शब्द मला गेले दोन महिने टोचतोय. ती गोष्ट इंग्रजीत सांगता येईना, म्हणून इथे सांगते.

आधी विषय थोडक्यात सांगते, नाहीतर कॉम्प्युटरवाले पान उलटतील!

सिरॅमिक म्हटलं की आपल्याला कपबशी नाहीतर बाथरूमच्या टाइल्स आठवतात. पण गाडीच्या स्पार्क प्लगमधला पांढरा भाग ॲल्युमिनाचा असतो, दाताची कॅप झिर्कोनियाची असू शकते आणि तुमच्या लॅपटॉपच्या वायरला जी जाड गाठ असते ना, तिच्या आत फेराइट असतं. ही सगळी धातूंची ऑक्साइडं. फेराइट म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड आणि त्यात निकेल, जस्त, मँगनीज अशा धातूंची ऑक्साइडं मिसळून केलेलं चुंबकीय सिरॅमिक. टोकियोमध्ये काटो आणि ताकेई या दोघांनी १९३० मध्ये त्याचा शोध लावला आणि तो माल बाजारात आणण्यासाठी १९३५ मध्ये जी कंपनी निघाली, तीच आजची टीडीके. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातसुद्धा फेराइटवर वर्षानुवर्षं संशोधन झालेलं आहे. म्हणजे विषय कोल्हापूरला नवा नाही.

या मटेरियल्सची गंमत अशी, की नुसता फॉर्म्युला सारखा असून भागत नाही. पावडर किती बारीक दळली, किती दाबली, किती डिग्रीला, किती वेळ आणि कोणत्या हवेत भाजली, यावर वस्तूचा स्वभाव ठरतो. लोखंड वितळवून ओतता येतं. सिरॅमिक सहसा तसं करत नाहीत. पावडर दाबून तिची टिकली करायची आणि ती वितळण्याच्या कितीतरी खाली तापवत ठेवायची. कण एकमेकांना चिकटतात, मधली भोकं आकसतात, सगळी टिकली लहान आणि घट्ट होते. यालाच सिंटरिंग म्हणतात.

हे मला पुस्तकातून कळायच्या आधी मामाच्या गावच्या गुऱ्हाळावर कळायला हवं होतं. करवीर तालुक्यातलं गाव, तोच ऊस, तीच काहील, तेच चुलवाण. पण गुळव्या चांगला असेल तर रवा कसा पिवळाधमक आणि टणक येतो! जाळ जरा जास्त झाला, काहील उतरवायला दोन मिनिटं उशीर झाला, की गूळ काळा पडतो. लवकर उतरवला की मऊ राहतो, पुढे पाझरतो. रस तोच, पण गूळ वेगळा.

दुसरं उदाहरण आज्जीचं. संक्रांतीला आज्जी कुंभार गल्लीतून सुगडं आणते. एके वर्षी मी विचारलं, "काही काळी आणि काही लाल का गं?" आज्जी म्हणाली, "लालला भट्टीत वारं मिळतं, काळ्याला धूर." मला वाटलं, काहीतरीच सांगते! पण अगदी बरोबर आहे. मातीत लोखंडाचं ऑक्साइड असतं. भाजताना भरपूर ऑक्सिजन मिळाला तर ते लाल राहतं. भट्टीची तोंडं लिंपून आत धूर कोंडला तर ऑक्सिजन कमी पडतो, ऑक्साइड काळं होतं, शिवाय धुरातला कार्बनही मुरतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली खापरं निघाली. म्हणजे पंचगंगेच्या काठी मडकी भाजण्याचं शास्त्र दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना हातानं माहीत होतं. आम्ही त्याला 'इफेक्ट ऑफ सिंटरिंग ॲटमॉस्फिअर' असं नाव देऊन मार्क मिळवतो!

असो. आता मूळ गोष्टीवर येते.

प्रोजेक्टमध्ये आम्ही दोघी होतो. माझी पार्टनर गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातली, हॉस्टेलवर राहणारी. बारावीपर्यंत मराठी माध्यम. ती कमी बोलते आणि काम खूप करते. माझं नेमकं उलट. त्यामुळे आपोआप वाटणी झाली होती. सरांशी बोलणं, प्रेझेंटेशन, रिपोर्ट आणि फर्नेसचं प्रोग्रॅमिंग माझ्याकडे. पावडर मोजणं, खलणं आणि प्रेसवर टिकल्या दाबणं तिच्याकडे. अगेटच्या खलात ॲसिटोन घालून तिनं ती तपकिरी पावडर चार-चार तास घोटली आहे. हाताला घट्टे पडले होते तिच्या. मग ९०० डिग्रीला एकदा भाजायचं, परत घोटायचं, त्यात पीव्हीएचे थेंब घालायचे. पीव्हीए म्हणजे एक प्रकारचा डिंक, त्याशिवाय टिकली दाबल्यावर सुटते. मग दहा मिलिमीटरच्या डायमध्ये घालून पाच टनाचा दाब.

पहिली बॅच ११०० डिग्रीला भाजली, छान आली. घनता मोजली तर ४.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. थिअरीप्रमाणे ती ५.३ च्या आसपास हवी, म्हणजे आत अजून बरीच भोकं होती. दुसरी बॅच १२०० डिग्रीला करायची होती. पण मध्ये युनिट टेस्ट आल्या, मग फर्नेस दुसऱ्या ग्रुपकडे गेली आणि आमच्या हाती आला गुरुवार. शनिवारी सबमिशन! पहिल्या बॅचचा रीतसर प्रोग्रॅम रात्रभर चालायचा. त्यासाठी सरांची परवानगी, वॉचमनला कळवणं, सगळी भानगड. मी म्हटलं, सोड. मिनिटाला दोन डिग्रीच्या जागी पंधरा डिग्री टाकले आणि ५०० डिग्रीच्या आसपास जो एक तासाचा थांबा असतो, तो उडवून टाकला. सव्वा तासात बाराशे! मला वाटलं, काय हुशार आहे मी.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं. सहा टिकल्या ठेवल्या होत्या. चारांना तडे, दोन फुगून वाकड्या.

सर आले, त्यांनी चिमट्यानं एक टिकली उचलून पाहिली आणि विचारलं, "काय झालं?"

आणि मी पटकन म्हणून गेले, "सर, बहुतेक प्रेसिंगमध्ये काहीतरी प्रॉब्लेम झालाय."

हे मी ठरवून बोलले नाही, एवढं मात्र खरं सांगते. तोंडातून निघालं. पण निघाल्यावर मी ते परतही घेतलं नाही. इंग्रजीत, आत्मविश्वासानं पुढे 'नॉन-युनिफॉर्म प्रेशर', 'डाय वॉल फ्रिक्शन' असं दोन-तीन वाक्यं बोलले. सर पार्टनरकडे वळून म्हणाले, "अगं, प्रेसिंग नीट करायचं असतं. एवढं साधं काम!" ती खाली बघत उभी राहिली. काही बोलली नाही. सरांनी सबमिशनला एक आठवडा वाढवून दिला. मी हुश्श केलं आणि एक तडकलेली टिकली रिकाम्या काड्यापेटीत घालून घरी आणली. का आणली, सांगता येत नाही.

इथे मला पप्पांबद्दल सांगायला हवं.

माझे पप्पा फौंड्रीत होते. कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे काही विशेष नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले अशा कुठल्याही एमआयडीसीत जा, भट्टीवर काम करणारा पेठेतला कुणीतरी भेटतोच. पप्पा इंडक्शन फर्नेसवर होते, अठरा वर्षं. लायनिंग ठोकण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, असं त्यांचे मित्र अजून सांगतात. मी नववीत असताना त्यांची नोकरी गेली. घरात मला सांगितलं, "पप्पांना उष्णता सोसत नाही, तब्येतीमुळे सोडलं." तेव्हापासून ते उद्यमनगरात एका लेथ वर्कशॉपमध्ये मदतनीस आहेत. पगार निम्मा. माझी कॉन्व्हेंटची फी आईनं ब्लाउज शिवून भरली.

पण दहावीत असताना क्लासमधल्या एका मुलानं मला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "हिच्या वडिलांनी भट्टी फोडली होती. एकाचा पाय भाजला." त्याचे काका त्याच कारखान्यात होते. मी त्या दिवशी घरी येऊन पप्पांना काहीही विचारलं नाही. मला विचारायचं धाडस नव्हतं असं मी स्वतःला सांगत आले. खरं कारण वेगळं होतं. मला ते खरं वाटलं होतं. माझे वडील फार शिकलेले नाहीत, चुकलं असेल त्यांचं, असं मी मनात धरून चालले आणि पाच वर्षं तसंच धरलं.

तर त्या शुक्रवारी रात्री जेवणं झाली. आज्जी सीरियल बघत होती. मी काड्यापेटीतली टिकली ट्यूबलाइटखाली धरून बघत बसले होते. पप्पा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "बघू." हातात घेतली, चष्मा वर सरकवला, कडेनं फिरवून पाहिली, नखानं तड्यावरून एकदा ओढलं. आणि म्हणाले,

"गडबडीनं तापवलंयस न्हवं?"

मी थक्क झाले! सिंटरिंग, बाइंडर, फेराइट यातलं त्यांना मी काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"ठोकण्यातली चूक असती तर थर सुटलं असतं. आडवं. भाकरीचा पापुद्रा सुटतो तसं. ह्यो तडा आतनं भाईर आलाय. आत कायतरी कोंडलं, त्याला जायाला वाट दिली न्हाईस, मग त्यानं फोडून वाट काढली."

अक्षरशः तेच! दाबताना चूक झाली की टिकलीचा वरचा पापुद्रा आडवा सुटतो. पुस्तकात त्याला लॅमिनेशन म्हणतात. आणि डिंक जळताना जो वायू होतो, त्याला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की टिकली आतून फुगते, फुटते. त्यासाठीच तर ५०० डिग्रीचा तो थांबा असतो, जो मी उडवला होता. थर्ड इयरला डिस्टिंक्शन असलेली मी जे बघू शकले नाही, किंवा बघायचं टाळलं, ते पप्पांनी अर्ध्या मिनिटात ट्यूबलाइटखाली सांगितलं.

मी म्हटलं, "पण मी सरांना सांगितलं की दाबण्यातली चूक आहे."

"दाबलं कुणी?"

"पार्टनरनं."

पप्पा गप्प बसले. टिकली त्यांनी परत काड्यापेटीत ठेवली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आमच्यातबी असंच झालं हुतं."

त्या रात्री पहिल्यांदा त्यांनी मला सगळं सांगितलं. मी त्यांच्या बोलण्यात माझ्या पुस्तकातलं घालून लिहिते, म्हणजे तुम्हाला नीट कळेल.

इंडक्शन फर्नेसमध्ये तांब्याची कॉइल असते, तिच्यातून पाणी फिरत असतं. आत दीड हजार डिग्रीचा लोखंडाचा रस. दोघांच्या मध्ये असतं फक्त लायनिंग, म्हणजे सिलिकाची कोरडी पावडर आणि त्यात जेमतेम एक टक्का बोरिक ॲसिड. मध्ये पत्र्याचा फॉर्मर उभा करायचा आणि त्याच्या भोवती ही पावडर थराथरानं ठोकत यायची. प्रत्येक थर ठोकला की वरून खरवडायचा, मग दुसरा घालायचा, नाहीतर दोन थरांत सांधा राहतो. पप्पांना आडवा पापुद्रा ओळखता आला, तो इथून. मग पहिली हीट. हीच खरी परीक्षा. ही सुद्धा सिंटरिंगच! सिलिका ५७३ डिग्रीला आपली रचना बदलते आणि एकदम फुगते. पुढे आणखी तापल्यावर बोरिक ॲसिडमुळे कण चिकटू लागतात आणि सिलिकाची रचना परत बदलते. म्हणून पहिली हीट सावकाश न्यायची. रसाकडची बाजू दगडासारखी घट्ट व्हायला हवी, मधली अर्धवट आणि कॉइलकडची मात्र पावडरच राहायला हवी. पप्पा म्हणाले, "भाईरची पावडर सुट्टी ऱ्हायली तरच तडा थांबतो. सगळंच कडक झालं तर तडा सरळ कॉइलपर्यंत जातोय." मला हे ऐकून नवल वाटलं. आम्ही टिकलीतलं एकूण एक भोक बुजवायला धडपडतो आणि इथे एक थर मुद्दाम सुटा ठेवायचा!

त्या वेळी दिवाळी तोंडावर होती आणि मोठी ऑर्डर अडकली होती. नवीन लायनिंग ठोकून झालं. वरून निरोप आला, पहिली हीट अर्ध्या वेळेत काढा. पप्पा म्हणाले, "साहेब, तडकंल." साहेब म्हणाले, "काही होत नाही." तिसऱ्या दिवशी लीकेजचा अलार्म वाजला. पप्पांनी पॉवर पाडली, भट्टी कलंडवून रस खाली खड्ड्यात सोडला. रस पाण्याच्या कॉइलला भेटला असता तर काय झालं असतं, ते फौंड्रीत काम करणाऱ्यांना सांगायला नको. स्फोट झाला नाही. पण उडालेल्या रसानं एका हेल्परचा पाय भाजला. एकोणीस वर्षांचा मुलगा होता. म्हणजे माझ्याहून एक वर्षानं लहान.

चौकशीत लिहिलं गेलं, रॅमिंग नीट झालं नव्हतं. लॉगबुकात पहिल्या हीटची वेळ मात्र पुरी लिहिलेली होती. पप्पांनी खाली सही केली.

"का केली?" मी जवळजवळ ओरडलेच.

"लायनिंग मीच ठोकलेलं. कागदावर येळ पुरी. मी काय दावणार हुतो? साहेबापुढं माझं कोण ऐकणार?" आणि मग म्हणाले, "पोराचा पाय भाजला, त्यात माझंबी आहेच की. मी 'तडकंल' म्हणालो, पण हात तर थांबवला न्हाई."

मी त्यांना क्लासमधल्या त्या मुलाचं बोलणं सांगितलं. मला खरं वाटलं होतं, तेही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून उठले आणि दाराची कडी लावायला गेले.

मला झोप लागली नाही. एकच विचार येत होता की मी काय वेगळं केलं? मशीन मी पळवली, घाई मी केली आणि नाव ठोकणाऱ्याचं सांगितलं. तेही इंग्रजीत, म्हणजे समोरच्याला उलट बोलता येऊ नये.

कुणी म्हणेल, एवढ्याशा टिकलीवरून काय एवढं? म्हणून एक खरी घटना सांगते, ती मला नंतर वाचायला मिळाली. फ्रान्समध्ये सेंट गोबेन समूहातली एक कंपनी खुब्याच्या ऑपरेशनसाठी झिर्कोनियाचे गोळे बनवायची. माणसाच्या मांडीच्या हाडावर बसतात ते. झिर्कोनिया सिरॅमिक असूनही फार चिवट. वर्षानुवर्षं ते गोळे उत्तम चालले होते. १९९८ मध्ये कंपनीनं भाजण्याची पद्धत बदलली. एकेक घाणा भाजायची भट्टी होती, तिच्याऐवजी माल सलग आत-बाहेर करणारी टनेल फर्नेस आणली. मटेरियल तेच, आकार तोच. पण त्या भट्टीतून निघालेल्या काही बॅचेसचे गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते बाजारातून परत बोलवावे लागले. शेकडो लोकांना पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं. भट्टीत काय झालं, हे बाहेरून गोळा बघून कुणाला कळलं नव्हतं.

आणि उलटं उदाहरणही आहे. ॲल्युमिना भाजला की पांढरा, अपारदर्शक होतो, कारण आत बारीक भोकं राहतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यात चिमूटभर मॅग्नेशिया घातलं आणि तो योग्य वायूत भाजला, तेव्हा सगळी भोकं निघून गेली आणि आरपार उजेड जाणारा ॲल्युमिना मिळाला. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांतली नळी त्याचीच. आता बहुतेक ठिकाणी एलईडी आलेत, पण माझ्या लहानपणी रंकाळ्यावर पप्पांच्या खांद्यावर बसून मी जो पिवळा उजेड पाहिला, त्यामागे कुणीतरी शांतपणे, न घाई करता भाजलेला ॲल्युमिना होता, हे मला आत्ता कळलं.

शनिवारी सकाळी मी आधी हॉस्टेलवर गेले. पार्टनर कपडे वाळत घालत होती. मी म्हटलं, "प्रेसिंगची चूक नव्हती. मी रेट वाढवला होता. पंधरा केला होता."

ती म्हणाली, "मला माहितीय. कंट्रोलरवर पाहिलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू टॉपर. तू इंग्लिशमध्ये एवढं बोललीस. माझं कोण ऐकणार होतं?"

आदल्या रात्रीचंच वाक्य! फक्त माणूस वेगळं. मला रडू आलं. तिनंच मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "चल आता, पावडर शिल्लक आहे, अजून सहा होतील."

मग आम्ही दोघी सरांकडे गेलो. मी सांगितलं, आणि मुद्दाम मराठीत सांगितलं, म्हणजे लपायला जागा राहू नये. सर चिडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "रिपोर्टमध्ये लिहा. रेट, थांबा, फोटो, सगळं. फेल गेलेली बॅच सगळ्यात जास्त शिकवते." आणि पार्टनरला म्हणाले, "सॉरी हं, मी न बघताच बोललो." सर सॉरी म्हणू शकतात, हे मी कॉलेजात पहिल्यांदाच पाहिलं!

रात्रभर फर्नेस चालवायची परवानगी मिळाली. ६०० पर्यंत मिनिटाला दोन डिग्री, म्हणजे नुसते तिथपर्यंतच पाच तास. मध्ये ५०० ला एक तास थांबा. पुढे मिनिटाला पाच. १२०० ला चार तास. मग फर्नेस बंद करून दार न उघडता आपोआप निवू द्यायची. सहाच्या सहा टिकल्या अखंड निघाल्या. दहा मिलिमीटरची टिकली आकसून पावणेनऊची झाली होती. घनता ४.९! नंतर हौसेनं १३०० ला एक बॅच केली. घनता थोडी वाढली, ५.० झाली, पण रेझिस्टिव्हिटी धाडकन खाली आली. जास्त तापवलं की जस्त उडून जातं आणि लोखंडाचे काही अणू आपली अवस्था बदलतात, मग त्यातून वीज वाहायला लागते. कॉइलच्या गाभ्यात ते चालत नाही. म्हणजे कमी भाजूनही उपयोग नाही आणि जास्त भाजूनही नाही. गुळव्याला विचारा!

रिपोर्टमध्ये बॅच दोनचं पूर्ण पान आहे. मासिकाच्या इंग्रजी लेखात जागेअभावी ते 'रिजेक्टेड' या एका शब्दावर आलं. तो शब्द आमच्या टिकल्यांना लागला तर लागू दे, पण माझ्या पार्टनरच्या हाताला लागू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

रिपोर्टच्या शेवटी आभाराचं पान असतं. प्रिन्सिपॉल, एचओडी, गाइड, लॅब असिस्टंट अशी ठरलेली यादी. मी शेवटी पप्पांचं नाव घातलं. टाइप करताना पार्टनरनं विचारलं, "नावापुढे हुद्दा काय लिहू? सगळ्यांपुढे लिहिलाय."

मी सांगितलं, "फर्नेस ऑपरेटर लिही."

बाइंडिंग केलेली कॉपी घरी नेली. पप्पांनी ते पान उघडलं, इंग्रजीत लिहिलेलं आपलं नाव बोट ठेवून सावकाश वाचलं, मग त्यापुढचे दोन शब्द वाचले. परत वाचले. आणि आज्जीला हाक मारून म्हणाले, "आये, जरा चष्मा दे तुझा. माझ्या चष्म्यातनं नीट दिसंना झालंय."